बंद पाकिटातली चाल

मोबाइल घरीच ठेवा. जिथे जायचं आहे तिथे तो चालणार नाही, आणि बाहेर काढलात तर माणसं डाव सोडून तुमच्याभोवती जमतील. पायांत साध्या चपला, खिशात पाच-पाचच्या दोन नोटा आणि थोडी चिल्लर, एवढं पुरे. आता डोळे मिटा.

उघडा. मे १९८५, दुपारचे सव्वादोन, नाशिकचं सीबीएस.

लाल एसटीच्या पायरीवरून उतरताच उन्हाचा चटका थेट डोक्यात जातो. डांबर मऊ झालंय, चपलेचा तळ त्याला चिकटून सुटतो. डिझेलचा धूर, उसाच्या रसाचा गोडसर वास, गुऱ्हाळाच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज, ‘मनमाऽऽड, मनमाऽऽड’ म्हणून ओरडणारा कंडक्टर. तुम्ही टांग्यात बसता. तापलेल्या रेक्झिनची सीट मांड्यांना चटके देते आणि घोड्याच्या घामाचा वास नाकातोंडात जातो.

“कुठं जायचं, दादा?”

“बुद्धिबळाच्या स्पर्धेला.”

“कार्यालयातच ना? सकाळपासनं चार शिटा तिकडंच सोडल्या.”

रविवार कारंजाशी टांगा थांबतो. गल्लीत शिरलात की मंगल कार्यालय. दारावर कालच्या लग्नाचं तोरण सुकून लटकतंय. आत पाऊल टाकताच तळव्यांना अक्षता टोचतात, कारण वऱ्हाड सकाळी गेलं आणि झाडून घ्यायला कुणाला सवड झालेली नाही. जिथे काल पंगत बसली होती तिथे आज लोखंडी टेबलांच्या चार रांगा आहेत. मागच्या स्वयंपाकघरातून मसालेभाताचा वास अजून गेलेला नाही. त्यात मोगरा, घाम आणि चारमिनारचा धूर मिसळलाय. हो, इथे पटावर बसून सिगारेट ओढतात, आणि समोरचा खोकला तरी कुणाला त्यात वावगं वाटत नाही. वरचे पंखे गरम हवाच खाली ढकलतात. चाली लिहायचा कागद उडू नये म्हणून प्रत्येकानं त्यावर काही ना काही ठेवलंय. कुणी चष्म्याचं घर, कुणी मारलेला उंट, एकानं तर अर्धवट खाल्लेली काकडी.

“जोड्या लागल्या!” कुणीतरी ओरडतं आणि सगळी गर्दी भिंतीकडे धावते. तुम्हीही धावाच, नाहीतर तुडवले जाल. कार्बन लावून हातानं लिहिलेला कागद खळीनं चिकटवलाय, खळ अजून ओली आहे. हाफ पँटमधली पोरं मोठ्यांच्या काखेखालून डोकी घालतात. धोतरातले एक आजोबा मागूनच विचारतात, “अरे, माझा पट कितवा बघ रे!” या घोळक्यात परकर-पोलक्यातल्या दोन मुलीही आहेत, जेमतेम दहा-अकराच्या. त्या इथे आहेत याचं बरंचसं श्रेय मुंबईच्या खाडिलकर भगिनींना. वासंती १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला विजेती झाली. रोहिणी तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. पेपरातले ते फोटो पाहून किती घरांत पोरींच्या हातात पट आला असेल!

“अहो, तुम्ही रिकामेच दिसता. या इकडे.” गळ्यात रुमाल बांधलेले एक संयोजक तुमचा दंड धरून पुढे ओढतात. पहिल्या पटामागे भिंतीवर मोठा कापडी पट टांगलाय. त्याच्या प्रत्येक घराला खिसा, आणि खिशांत पुठ्ठ्याची मोहरी. पटावर चाल झाली की ती तुम्ही इथे लावायची. “चूक करू नका हं. सगळं पब्लिक तुमच्याकडे बघणारे. आज दोघंही रेटेड आहेत.”

‘रेटेड’ म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. आपल्याकडे आज सात वर्षांच्या पोरालाही रेटिंग असतं, त्यामुळे यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. इथे तसं नाही. जागतिक संघटनेची यादी वर्षातून दोनदा निघते, जानेवारीत आणि जुलैत, आणि साधारण २२०० च्या खाली तुमचं नावच त्यात येत नाही. जन्मभर खेळूनही यादीत न आलेली उत्तम माणसं या हॉलमध्ये आहेत. गणित बसवलं ते अर्पाद एलो या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी, आणि १९७० पासून ते जगभर लागू झालं. दोन खेळाडूंत २०० गुणांचं अंतर असेल, तर वरच्यानं चार डावांत साधारण तीन गुण मिळवावेत, असा त्याचा हिशोब. पण यादीत शिरायचं तर आधीच यादीत असलेल्यांशी खेळायला मिळायला हवं. म्हणून रेटेड माणूस गावात आला की त्याच्याशी जोडी लागावी यासाठी लोक देव पाण्यात ठेवतात. आज असे दोघे एकमेकांसमोर आहेत.

पांढरी मोहरी सांगलीच्या मास्तरांची. पन्नाशी उलटलेली, पांढरा सदरा, टोपी काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेली. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात तयार झालेला हा हात. समोर मुंबईचा, एकविसाव्या वर्षातला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. शबनममध्ये युगोस्लाव्हियात छापलेला ‘इन्फॉर्मंट’ हा डावांचा संग्रह, पानं सुटू नयेत म्हणून वर दोरा गुंडाळलेला. तो चाली नव्या पद्धतीनं लिहितो, ई-४. मास्तर अजून जुन्याच पद्धतीनं, राजाच्या प्याद्याची दोन घरं. दोघांच्या कागदांवर एकच डाव दोन भाषांत उतरतोय.

तीन वाजता पंच घड्याळं सुरू करायला सांगतात. हा आवाज कान देऊन ऐका, कारण आज तो कुठेच ऐकू येत नाही. चाळीस लाकडी घड्याळं, प्रत्येकाला दोन तबकड्या, सगळी एकदम टिकटिकू लागतात. काटे साडेतीनवर लावलेले. सहा वाजले की अडीच तास संपले, आणि तोवर चाळीस चाली झाल्याच पाहिजेत. बाराच्या आकड्याजवळ एक बारीक लाल पाकळी आहे. मिनिटकाटा तिला हळूहळू वर उचलतो आणि तास भरला की सोडून देतो. पाकळी पडली आणि चाली कमी असल्या, तर डाव गेला. उरलेले सेकंद दाखवायला तिथे काही नाही. पाकळीचा कोन बघून प्रत्येकानं अंदाज करायचा.

पहिले दोन तास तुम्हाला फारसं काम नाही. मास्तर घामेजलेला तळवा धोतराला पुसतात, मग चाल करतात. मुंबईचा चाल करून लगेच उठतो आणि येरझाऱ्या घालतो. तुम्ही माठातलं वाळ्याचं पाणी पिऊन येता. बाहेर टपरीवर कटिंग चहा आणि कार्पोव्ह-कास्पारोव्ह. फेब्रुवारीत ती लढत मधेच थांबवली गेली. पाच महिने, ४८ डाव, त्यातले ४० बरोबरीत, आणि निकाल नाहीच. “कार्पोव्ह दमला होता, त्याला वाचवलं!” एक जण बशीतला चहा सांडत सांगतो. “वाचवलं कसलं, पुढे होता तो!” दुसरा. नाशिकच्या टपरीवर मॉस्कोचं हे भांडण तीन महिने झाले तरी मिटलेलं नाही.

आठला पाचेक मिनिटं कमी असताना आत या. हॉलचा रंगच बदललाय. बाकीचे डाव संपलेत आणि सगळी माणसं पहिल्या पटाभोवती जमलीत. तुमच्या पाठीवर कुणाचा तरी गरम श्वास. मागच्यांना दिसावं म्हणून पोरं खुर्च्यांवर उभी. दोन्ही लाल पाकळ्या वर उचललेल्या, दोघांच्याही आठ-आठ चाली बाकी. आता धाड धाड धाड! हात, मोहरं, घड्याळाची कळ, पुन्हा हात. वजीर गेले, घोडा गेला, एक प्यादं टेबलावरून घरंगळत खाली आणि कुणीतरी ते पायानं अडवतं. तुमची बोटं कापडाच्या खिशांत अडकतात, तुम्ही दोन चाली मागे पडता, मागून पब्लिक ओरडतं, “अहो हत्ती! हत्ती हलवा!” पंच हात वर करतात. चाळीस झाल्या. मुंबईच्याची पाकळी आत्ता पडली, एक क्षण उशिरा. हॉलभर सुस्कारा.

आठ वाजून गेलेत आणि डाव संपलेला नाही. अशा वेळी काय व्हायचं, ते आजच्या खेळाडूंनी पाहिलेलंच नाही. तेच बघायला तुम्हाला इथे आणलंय.

आधी पट नीट बघा, रात्रभर याच्यावरच काढायची आहे. मास्तरांचा राजा एफ-२ वर, हत्ती ए-८ वर आणि त्याच्या पुढ्यात ए-७ वर प्यादं, वजीर व्हायला एकच घर बाकी. शिवाय एफ-४ आणि जी-३ वर प्यादी. मुंबईच्याचा राजा जी-७ वर, हत्ती ए-१ वर, त्या प्याद्याच्या पाठीशी टपून, आणि एकुलतं प्यादं एफ-५ वर.

दोन प्यादी वर म्हणजे मास्तर जिंकलेच की! तसं नाही. त्यांचा हत्ती स्वतःच्याच प्याद्यापुढे अडकलाय. मुंबईच्याला फक्त हत्ती ए-ओळीत ठेवायचा आणि राजा जी-७, एच-७, जी-७, एच-७ असा हलवत बसायचं. ही दोन घरं सोडून चालत नाही. जी-६ वर गेला तर जी-८ वरून हत्तीचा शह आणि प्यादं वजीर. एफ-७ वर गेला तर हत्ती एच-८ वर. मग ए-७ चं प्यादं मारलं की एच-७ वरून शह, आणि राजाच्या आडचा हत्ती गेला. पण मुंबईच्याला हे पाठ आहे. तो कशाला बाहेर पडतोय?

पंच लांबट खाकी पाकीट घेऊन येतात. चाल मास्तरांची, बेचाळिसावी. ती पटावर करायची नाही. कागदावर लिहायची, कुणाला न दाखवता, आणि पाकिटात बंद करायची. कोणती लिहिली हे उद्या सकाळी नऊपर्यंत त्यांच्याशिवाय कुणालाही कळणार नाही. मास्तर हाताचा आडोसा करतात. पाच मिनिटं. दहा. त्यांच्या कपाळावरचा घामाचा थेंब भुवईत अडकून थांबलेला तुम्हाला दिसतो. वीस मिनिटांनी ते चार अक्षरं लिहितात, कागदाची घडी घालतात. दोघांचे चालींचे कागद आत जातात. पंच पाकिटाच्या कडेला जीभ लावतात, वर मोहऱ्यांची जागा आणि दोघांनी घेतलेला वेळ लिहितात, आणि चिकटवलेल्या जागेवर दोघंही आडव्या सह्या करतात. चाल अस्पष्ट लिहिली असेल किंवा नियमात बसत नसेल, तर मास्तर तिथेच हरले.

आता मुंबईच्याबरोबर चला. बाहेरगावच्या खेळाडूंची सोय गावातल्या घरांत केलीय. याला तिवंध्याजवळच्या एका वाड्यात जागा मिळालीय. दिवसभर तापलेल्या भिंती अजून ऊब सोडताहेत, पण गंगेवरून वारा सुटलाय. (नाशिककरासमोर गोदावरी म्हणू नका, गंगाच म्हणा.) घाटावरची वसंत व्याख्यानमाला नुकती सुटलीय, माणसं वक्त्यावर वाद घालत घराकडे निघालीत. वाड्याच्या ओसरीवर काकूंनी पानं मांडून ठेवलीत. “आधी जेवा. पट कुठं पळून जात नाही.” आमरस, पोळ्या, कुरडया, कैरीची चटणी. मुंबईचा आमरसात पोळी बुडवतो आणि ती तशीच धरून भिंतीकडे बघत राहतो. काकू वाटी पुन्हा भरतात.

मग गच्ची. सतरंजीवर पट, भोवती नऊ-दहा माणसं. त्यातली अर्धी याला आजच ओळखायला लागलीत. पण याचा डाव आता त्यांचा झालाय. राजा ई-३ वर? मागून शह. डी-४? आडवा शह. बी-६ पर्यंत नेला तरी लपायला जागा नाही, कारण ती जागा त्यांच्याच प्याद्यानं अडवलीय. “बरोबरी!” कुणीतरी टाळी देतं. वीज जाते. खालून कंदील येतो, आणि मोहऱ्यांच्या सावल्या अख्ख्या पटभर पसरतात. साडेबारापर्यंत तेच, राजा इकडून, राजा तिकडून, बरोबरी. कोंडाजींच्या चिवड्याची पिशवी संपत येते.

वाड्याचे आजोबा आरामखुर्चीत पडून ऐकताहेत. ते फक्त देशी बुद्धिबळ खेळलेले. त्यात प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालायचं, राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची, आणि प्याद्यानं मात केली तर तिला सगळ्यात जास्त मान असायचा.

“सगळे राजालाच काय चालवताय रे?” ते अंधारातून म्हणतात. “ते जी-चं प्यादं पुढे घाल. मरू दे त्याला.”

जी-४. मुंबईचा हसून काळ्या प्याद्यानं ते मारतो. आणि त्याचा हात तिथेच थांबतो. एफ-ओळ मोकळी झालीय. पांढरं प्यादं एफ-५, मग एफ-६ शह. राजानं ते मारलं, तर एफ-८ वरून हत्तीचा शह आणि ए-प्यादं वजीर. एफ-७ वर गेला, तर तोच एच-८ चा डाव. एच-७ वर गेला, तर प्यादं एफ-७, आणि आता दोन प्यादी दारात उभी. बरं, जी-४ मारलंच नाही तर? मग पांढराच एफ-५ मारतो, आणि पुन्हा तेच. पोरं दोन वाजेपर्यंत तोड शोधतात. तोड नाही.

मग कुणी बोलत नाही. चाल तर केव्हाच लिहून झालीय. सराफ बाजाराच्या पलीकडे कुठेतरी पंचांच्या कपाटात ते पाकीट आहे. त्यात जी-४ असेल, नाहीतर राजाची एखादी चाल असेल, आणि आता या गच्चीवर कुणीही काहीही केलं तरी ते बदलणार नाही. मला बुद्धिबळात याहून मोठा ताण माहीत नाही. पटावर चूक केली तर ती आपली असते. इथे स्वतःचं मरण शोधून काढायचं आणि समोरच्यालाही ते दिसलं होतं का, एवढंच आठवत पडून राहायचं. वीस मिनिटं मास्तर कुठे बघत होते? राजाकडे की प्याद्याकडे? तो तुम्हालाही विचारतो, कारण तुम्ही जवळ उभे होता. तुम्हाला सांगता येत नाही.

गार गादीवर आडवे व्हा. तुमच्या ओठांवर कितीतरी गोष्टी आलेल्या असतील. मद्रासमधला पंधरा वर्षांचा एक मुलगा तीन वर्षांत देशाचा पहिला ग्रँडमास्टर होणार आहे. या गच्चीवरून दिसणाऱ्या याच गावात १९९४ मध्ये जन्मणारा विदित गुजराथी लहानाचा मोठा होणार, चौदा वर्षांखालचा जगज्जेता होणार, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर होणार, आणि २०२४ मध्ये टोरंटोला जगज्जेत्याच्या आव्हानवीरांत बसून नाकामुराला दोन्ही डावांत हरवणार. त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिंपियाडचं सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो असणार. सांगू नका. शेजारी पडलेल्या मुलाला आज एकाच चालीची काळजी आहे.

सकाळी साडेसातला मिसळ. काळ्या मसाल्याचा रस्सा, तर्री, वर शेव, डोळ्यांतून पाणी. मुंबईच्याच्या घशाखाली पाव उतरत नाही.

नऊ वाजता कार्यालयात कालच्यापेक्षा जास्त गर्दी. वाड्यातली सगळी आलीत, आजोबासुद्धा काठी टेकत. पंच पट मांडतात, घड्याळाचे काटे पाकिटावर लिहिल्याप्रमाणे लावतात. कात्रीचा करकर आवाज हॉलच्या टोकापर्यंत जातो. कागदाची घडी उघडते. पंच चष्मा वर करून वाचतात, जी-३ वरचं प्यादं दोन बोटांत धरतात आणि एक घर पुढे ठेवतात.

कापडी पटावर तेच प्यादं तुम्हाला हलवायचंय. हलवा. मागे आजोबांची काठी फरशीवर एकदा आपटते.

मुंबईचा प्यादं मारतो. मास्तर एफ-५. तो दोनदा शह देतो, मास्तरांचा राजा शांतपणे वर येऊन जी-४ वरचं प्यादं टिपतो. मुलगा घड्याळ थांबवतो आणि उभा राहून हात पुढे करतो.

“रात्री सापडलं होतं?” मास्तर विचारतात.

“दीड वाजता. तुम्हाला?”

“शेवटच्या पाच मिनिटांत. आधी पंधरा मिनिटं मीही राजाच चालवत होतो.” मग मास्तर मोहरी पुन्हा मांडतात, आणि दोन रेटेड माणसांभोवती अख्खा हॉल वाकतो. जो तो बोट घालून आपली चाल दाखवतो, आणि दोघंही प्रत्येकाला उत्तर देतात. हाफ पँटमधल्या पोरालाही.

संगणक बळकट झाले तशी ही पद्धत १९९०च्या दशकात बंद पडत गेली. रात्री यंत्राला विचारून सकाळी खेळायचं, यात काही अर्थ उरला नव्हता. ती बंद करणं बरोबरच होतं, पण त्याबरोबर एक डाव अख्ख्या वाड्याचा होण्याची सोय गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून परत आलात की एक करा. घरातला पट काढा, वर सांगितलेली मोहरी मांडा आणि जिला किंवा ज्याला हा डाव माहीत नाही अशा कुणाला तरी समोर बसवा. काळी बाजू तुम्ही घ्या. पांढऱ्याला चाल कागदावर लिहून झाकून ठेवायला सांगा, आणि सकाळपर्यंत कागद उघडू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत असू द्या.